उरलेले सहा टन

गेल्या शनिवारी बायकोच्या आग्रहावरून (आग्रह हा शब्द फारच सौम्य झाला) माळा आवरायला घेतला. जुन्या सीड्या, कुठल्या कुठल्या चार्जरच्या वायरी, आणि अगदी तळाशी एक शंभर पानी वही, २००४ सालची. आत सगळं माझं गिचमिड अक्षर. फक्त एका पानावर पेन्सिलीनं काढलेली एक उभी रेघ, तिला टेकलेला त्रिकोण, आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी सुबक अक्षरात लिहिलेलं: '६ गुणिले ६ भागिले २ = १८ टन'. त्याखाली दोनदा अधोरेखित केलेला प्रश्न: 'जाणार कुठे?'

माळा तसाच राहिला, हे सांगायला नकोच.

२००४ साली मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो. इमारतींच्या डिझाइनसाठी जे सॉफ्टवेअर लागतं त्याचे सुटे तुकडे आम्ही लिहून द्यायचो. माझं शिक्षण कॉम्प्युटरचं. सिव्हिलशी संबंध एवढाच की लहानपणी आमचं घर बांधताना नव्या काँक्रीटवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या वाट्याला आला होता तो गणित झाल्यानंतरचा भाग. म्हणजे प्रोग्रामनं भिंतीतले ताण काढले की ते रंगीत चित्रात दाखवायचे. निळा म्हणजे कमी, लाल म्हणजे जास्त.

यात एक अडचण असते. प्रोग्रामला अख्खी भिंत एका दमात समजत नाही. तो तिचे चौकोनी तुकडे पाडतो. तुकडा म्हणजे एलिमेंट, सगळ्या तुकड्यांची मिळून जाळी म्हणजे मेश, आणि तुकडे जिथे जोडले जातात तो नोड. एका नोडपाशी चार तुकडे भेटत असतील तर चारही तुकडे तिथल्या ताणाचं वेगवेगळं उत्तर देतात. ती उत्तरं तशीच रंगवली तर चित्र गोधडीसारखं दिसतं. गिऱ्हाईकाला गोधडी आवडत नाही. म्हणून मी चौघांची सरासरी काढली, वर थोडी इस्त्री फिरवली, आणि कसं सुंदर इंद्रधनुष्य दिसायला लागलं! सगळ्या टेस्ट पास. मी खूष, मॅनेजर माझ्याहून खूष.

डेमोला पहिल्या खुर्चीत काका बसले होते. काका म्हणजे निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर. आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून यायचे, आणि कंपनीतले सगळेच त्यांना काका म्हणायचे. मी उदाहरण घेतलं होतं पाण्याच्या टाकीचं. लांबलचक भिंत, वरून उघडी, सहा मीटर पाणी. काका म्हणाले, "अगदी खालच्या कडेला शिअर किती येतोय?" मी माउस तिथे नेला. मीटरभर लांबीच्या भिंतीला साधारण बारा टन.

काकांनी माझी वही ओढली आणि तो त्रिकोण काढला. पाण्याचा दाब वर शून्य, तळाला दर चौरस मीटरला सहा टन. त्रिकोणाचं क्षेत्रफळ अठरा. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "पाणी अठरा टनांनी ढकलतंय. तुझी भिंत बारा टन घेतेय. उरलेले सहा टन कोण घेतंय? तू?"

सगळे हसले. मीही हसलो, पण कान गरम झाले होते. चूक सापडायला अर्धा दिवस लागला. भिंत जिथे तळाच्या स्लॅबला मिळते तिथल्या नोडवर माझा कोड भिंतीच्या तुकड्यांबरोबर स्लॅबच्या तुकड्यांचीही सरासरी काढत होता. भिंतीत भरपूर शिअर, स्लॅबमध्ये त्या दिशेनं जवळजवळ काहीच नाही, म्हणून सरासरी खाली आली. कोडची एकेक ओळ तपासली तर प्रत्येक ओळ बरोबर होती. चुकलेलं होतं ते भिंत म्हणजे काय हे.

संध्याकाळी चहा पिताना काकांनी विचारलं, "स्लाइपनेर ऐकलंयस कधी?" मी नाही म्हटलं. "मग वाच. तुझे सहा टन डेमोत सापडले, त्यांचे समुद्रात सापडले."

तर मंडळी, आजचा लेख स्लाइपनेरबद्दल. पण त्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण भिंतीचे तुकडे पाडायची ही कल्पना मुळात आली कुठून, हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

खांब आणि तुळई हिशेबाला सोपे. लांबी मोठी, जाडी कमी, कागदावर एक रेघ ओढली की झालं. भिंतीचं तसं नाही. ती लांबही आहे आणि रुंदही आहे, तिच्यात बळ नेमकं कुठून कुठे जातं हे एका रेघेत मावत नाही. १९६० च्या दशकात उंच इमारतींसाठी इंजिनिअरांनी एक युक्ती केली होती. भिंतीला एक रुंद खांब समजायचं. मधोमध रेघ, आणि भिंतीच्या निम्म्या रुंदीइतके, अजिबात न वाकणारे दोन हात दोन्हीकडे जोडायचे, म्हणजे तुळया त्या हातांना येऊन मिळतील. ही युक्ती कामचलाऊ होती. पण ती वापरणाऱ्याला आपण सोंग करतोय हे पक्कं ठाऊक असायचं.

दुसरीकडे विमानवाल्यांचा प्रश्न आणखी अवघड होता. पातळ पंख, वेडेवाकडे आकार. १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा एक शोधनिबंध आला. पंखाच्या पत्र्याचे छोटे त्रिकोणी-चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचं वागणं सोप्या सूत्रात मांडायचं, आणि सगळे तुकडे जोडून एकदम सोडवायचे. यातले रे क्लफ बर्कलीला सिव्हिलचे प्राध्यापक, उन्हाळ्यात बोइंगमध्ये कामाला गेले होते. १९६० साली त्यांनी या पद्धतीला नाव दिलं फायनाइट एलिमेंट. आणि सिव्हिलमधलं तिचं सुरुवातीचं मोठं खरं काम कुठलं होतं, माहीत आहे? अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातलं नॉरफोर्क धरण. म्हणजे एक प्रचंड काँक्रीटची भिंत, आणि तिला गेलेला तडा! १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लफ आणि त्यांचे विद्यार्थी एड विल्सन यांनी तिचं गणित केलं. त्यांनी जाळी एकदा ढोबळ घेतली आणि एकदा बारीक. दोन उत्तरं शेजारी ठेवून बघितली. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

याच विल्सन यांनी १९७० साली एक प्रोग्राम लिहिला आणि त्याला नाव दिलं सॅप. आज त्याचे वंशज जगभर चालतात. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही स्ट्रक्चरल ऑफिसात डोकावा, सॅप नाहीतर त्याचा इमारतींसाठीचा भाऊ ईटॅब्स दिसेलच. अमेरिकन बोलीत 'सॅप' म्हणजे बावळट, सहज फसणारा माणूस. विल्सन यांनी हे नाव मुद्दाम ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं साधारण असं की हे नाव वाचून वापरणाऱ्याला आठवावं, या प्रोग्रामला अक्कल नाही. रचनेचं सोंग कसं घ्यायचं ते इंजिनिअरनं ठरवायचं, आणि उत्तराची जबाबदारीही त्यानंच घ्यायची. आपल्या प्रोग्रामचं नाव 'बावळट' ठेवणारा प्रोग्रामर मी तरी दुसरा पाहिला नाही :-)

साधारण याच सुमाराला अमेरिकेच्या नासानं विमानं आणि अवकाशयानांसाठी नॅस्ट्रान नावाचा असाच एक मोठा प्रोग्राम करवून घेतला. दणकट, तपासलेला, नावाजलेला. आपल्या गोष्टीत तोच आहे.

आता नॉर्वेला जाऊ.

उत्तर समुद्रात स्लाइपनेर नावाचं गॅसचं क्षेत्र आहे. नाव ओडिन देवाच्या आठ पायांच्या घोड्यावरून. तिथे पाणी ८२ मीटर खोल. एवढ्या पाण्यात उभं राहून वर कारखाना पेलायचा म्हणजे पाय भक्कम हवेत. नॉर्वेतल्या लोकांनी यासाठी काँडीप नावाचा प्रकार विकसित केला होता. तळाशी काँक्रीटच्या मोठमोठ्या पोकळ कोठ्यांचा जुडगा, त्यातल्या काही कोठ्या वर वाढवत नेऊन त्यांचे खांब करायचे, आणि खांबांवर पोलादी डेक. पहिला काँडीप १९७५ साली समुद्रात उभा राहिला. त्यानंतर एकामागून एक होत गेले आणि सगळे व्यवस्थित उभे राहिले.

स्लाइपनेर ए च्या पायथ्याला अशा २४ कोठ्या होत्या, त्यातल्या चार वर जाऊन खांब झालेल्या. पायथ्याचा पसारा सुमारे १६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ चार एकर. वर येणाऱ्या डेकचं वजन ५७,००० टन. हे सगळं बांधतात किनाऱ्याजवळ. मग पायथा तरंगवत खोल पाण्यात न्यायचा, कोठ्यांमध्ये मोजून पाणी भरत त्याला जवळजवळ पूर्ण बुडवायचा, वर डेक तरंगत आणायचा, पायथा पुन्हा थोडा वर घ्यायचा की डेक खांबांवर बसला. ऐकायला जादू वाटते, पण हे अनेकदा झालेलं होतं. यातली गोम अशी की पायथ्यावर सगळ्यात जास्त दाब येतो तो या डेक बसवायच्या वेळी. पुढच्या आयुष्यात तो इतका खोल कधीच जात नाही. म्हणजे सगळ्यात अवघड परीक्षा पहिलीच.

दुसरी गोम म्हणजे हे तरंगलं पाहिजे. जमिनीवर शंका आली की आपण भिंत दोन इंच जाड करतो आणि झोपतो. इथे प्रत्येक जास्तीचा इंच म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे तरंगण्यावर घाला. त्यामुळे हिशेबाला फार किंमत.

आता त्या भिंतीपाशी येऊ. कोठ्या एकमेकींना चिकटून असल्या की जिथे तीन कोठ्या भेटतात तिथे मध्ये एक छोटी तिकोनी पोकळी राहते. दिवाळीत पणत्या जवळजवळ मांडल्या की मध्ये राहते ना, तशी. तिला म्हणायचे ट्रायसेल. अशा ३२ पोकळ्या होत्या आणि त्या वरून उघड्या होत्या. म्हणजे पायथा बुडाला की त्यांच्यात समुद्राचं पाणी भरणार, आणि शेजारच्या कोठ्या आतून बऱ्याचशा रिकाम्या. मधल्या भिंतीवर एका बाजूनं समुद्र, दुसऱ्या बाजूनं हवा. भिंतीची जाडी सुमारे ५५० मिलिमीटर, आणि दोन आधारांमधलं अंतर सुमारे ४.४ मीटर. एका बऱ्यापैकी खोलीएवढं!

२३ ऑगस्ट १९९१. स्टाव्हांगर शहराजवळच्या गांड्सफ्योर्डमध्ये पायथा हळूहळू बुडवण्याची चाचणी चालू होती. डेक अजून बसवायचा होता. पाण्याची पातळी चढत चढत त्या भिंतींवर सुमारे ६५ मीटर झाली. आतून मोठा आवाज आला आणि पाणी घुसण्याचा आवाज सुरू झाला. पंप लावले, पण येणारं पाणी पंपांना आवरेना. माणसं सुखरूप बाहेर पडली, एकही जीव गेला नाही, ही या गोष्टीतली एकमेव चांगली बाजू. अर्ध्या तासाच्या आत पायथा दिसेनासा झाला. खाली जाताना वाढत्या दाबानं बाकीच्या कोठ्या चिरडल्या गेल्या, आणि तळावर आदळला तेव्हा भूकंपमापकांवर ३ रिश्टरची नोंद झाली. २२० मीटर खोल तळाशी उरला तो फक्त राडारोडा. एकूण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर.

चौकशी झाली. नॉर्वेतल्या सिंटेफ या संशोधन संस्थेनं पुष्कळ अहवाल लिहिले. निष्कर्ष दोन कारणांचा. पहिलं, त्या ट्रायसेलच्या भिंतीतला शिअर फायनाइट एलिमेंटच्या गणितात ४७ टक्क्यांनी कमी आला होता. दुसरं, भिंतीतल्या सळया नाजूक जागी नीट अडकवलेल्या नव्हत्या.

शिअर म्हणजे काय ते आधी सांगतो. पत्त्यांचा कॅट उभा धरा आणि मधल्या पत्त्यांना ढकला. पत्ते एकमेकांवरून सरकतात. काँक्रीट पत्त्यांसारखं सुटं नसतं, पण असं सरकवायचा प्रयत्न त्याच्यातही होतो, आणि तो आधाराच्या कडेपाशी सगळ्यात जास्त असतो. भिंतीच्या मधोमध तो शून्य, आणि कडेकडे सरळ रेषेत वाढत जातो. शिअरनं काँक्रीट फुटतं तेव्हा तिरका तडा जातो आणि सहसा आगाऊ सूचना मिळत नाही. वाकून मोडणारी तुळई कुरकुरते, लोंबते, माणसाला पळायला वेळ देते. शिअर तसा वेळ देत नाही.

मग नॅस्ट्रान चुकला का? तर नाही. ही गोष्ट मला सगळ्यात अस्वस्थ करते. प्रोग्रामला जी जाळी दिली तिचं गणित त्यानं बरोबर केलं. ती जाळी ट्रायसेलपाशी फार ढोबळ होती, आणि तिकोनी कोपऱ्यात बसवताना तुकडे तिरके, बेढब झाले होते. मग भिंतीच्या आतल्या मोजक्या जागांवरच्या ताणांवरून एक वक्र ओढून कडेवरचा आकडा काढला गेला. म्हणजे जिथे शिअर सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच जागेचा आकडा थेट आलाच नव्हता. तो आतल्या आकड्यांवरून अंदाजानं लावलेला होता.

ट्रेकवाल्यांसाठी सोपं करून सांगतो. समजा तुम्ही हरिश्चंद्रगडाचा नकाशा करताय आणि दर दोन किलोमीटरवर एकदाच उंची मोजताय. सगळे आकडे अचूक, जीपीएस उत्तम. मग बिंदू जोडून छान गुळगुळीत उतार काढलात. आता त्या नकाशात कोकणकडा कुठे आहे? नाहीच आहे! तिथे एक बरा, उतरण्याजोगा उतार दिसतोय. मोजलेला एकही आकडा खोटा नाही, पण त्या नकाशावर विसंबून धुक्यात चालणारा माणूस संपला. ट्रायसेलच्या भिंतीचा कोकणकडा तिच्या कडेवर होता, आणि जाळीनं तो उतार म्हणून दाखवला.

आता काकांचं गणित या भिंतीला लावून बघू. कागद-पेन्सिल घ्या, कॅलक्युलेटरही नको. ६५ मीटर समुद्राचं पाणी म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ६७ टन. भिंतीचा मीटरभर उंचीचा आडवा पट्टा घ्या. दोन आधारांमधलं अंतर ४.४ मीटर, म्हणजे पट्ट्यावर एकूण २९५ टन. दोन टोकं आहेत, भिंत दोन्ही बाजूंना सारखी आहे, म्हणून प्रत्येक टोकाला निम्मे. साधारण १४७ टन. झालं. दोन ओळी.

हे १४७ टन कुठल्याही जाळीवर, कुठल्याही प्रोग्रामवर अवलंबून नाहीत. पाणी ढकलतंय, ते कुठेतरी जाणार, आणि जायला दोनच जागा आहेत. ४७ टक्के कमी म्हणजे याच हिशेबात ८० टनांच्या आसपास. मग उरलेले सत्तरच्या आसपासचे टन कोण घेतंय?

त्या दोन ओळी नॉर्वेत कुणी लिहिल्या नसतील असं मी म्हणत नाही. तिथे माझ्यासारखे रंगारी नव्हते. जगातले उत्तम काँक्रीट इंजिनिअर होते, आणि त्यांनीच हा प्रकार जन्माला घातला होता. पण लिहिल्या असतील तर त्यांनी काम थांबवलं नाही. असं का होतं ते मी जवळून बघितलंय. प्रोग्राममधून हजारो आकडे येतात, कोष्टकात, दशांश चिन्हानंतर तीन तीन घरं. त्यांच्यासमोर पेन्सिलीचा 'साधारण १४७' हा गबाळा वाटतो. आणि आधीचे इतके काँडीप उभे आहेत ना? मग यावेळीही ठीकच असणार.

कमी शिअर दिसला म्हणून पुढची पायरीही घसरली. शिअर रोखायला भिंतीच्या जाडीतून आरपार सळया घालतात. इथे दोन्ही टोकांना पोलादी टोपी असलेल्या सळया वापरल्या होत्या. पण आकडेच कमी होते म्हणून सळया जिथे लागणार होत्या त्या सगळ्या जागी पोचल्या नाहीत, आणि कोपऱ्यातल्या सळया जेवढ्या लांब हव्या होत्या तेवढ्या नव्हत्या. तडा त्यांना वळसा घालून गेला. एक चूक दुसरीला कशी पोसते बघा. सळया भरपूर असत्या तर गणिताची चूक कदाचित कुणाला कळलीही नसती. गणित बरोबर असतं तर सळया भरपूर पडल्या असत्या.

अपघातानंतर त्याच भिंतीचं गणित जास्त काळजीपूर्वक, बारकाईनं केलं. उत्तर आलं की ही भिंत ६२ मीटरला फुटेल. प्रत्यक्षात फुटली ६५ ला. म्हणजे पद्धतीत खोट नव्हती. नॉरफोर्क धरणाच्या वेळी दोन जाळ्या शेजारी ठेवून बघणाऱ्यांना जे सुचलं होतं, ते तीस वर्षांनी या एका कोपऱ्यात राहून गेलं.

पण या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढे आहे.

स्लाइपनेरचा गॅस युरोपला द्यायचे करार आधीच झालेले होते, १९९३ पासून. पायथा समुद्राच्या तळाशी, डेक तयार, आणि हातात दोनेक वर्षं. नवा पायथा डिझाइन करून बांधायचा होता. कॉम्प्युटरवरच्या गणितावरचा विश्वास तर उडालेला, आणि ते सगळं नव्यानं तपासून पुन्हा करायला वेळ लागणार. तेव्हा ठरलं, की थांबायचं नाही. वीस वर्षांपूर्वी पहिले काँडीप ज्या पद्धतींनी डिझाइन केले होते, त्या स्लाइड रूलच्या जमान्यातल्या हातानं करायच्या पद्धतींनी नवा पायथा डिझाइन करायचा. कॉम्प्युटरचे निकाल हाती येतील तोपर्यंत डिझाइन पूर्ण आणि बरंचसं बांधकामही झालेलं असेल. आले की ताडून बघू!

कल्पना करा. एक पायथा नुकताच बुडालाय, सगळ्या जगाचं लक्ष तुमच्यावर, आणि तुम्ही टेबलावर कागद पसरून डब्ल्यू एल भागिले दोन लिहिताय. त्या खोलीत किती जणांना रात्री झोप लागली असेल कोण जाणे. पण पायथा उभा राहिला. तो बुडवला, तेवढ्याच खोल बुडवला, आणि २९ एप्रिल १९९३ ला त्याच्यावर डेक बसला. त्याच वर्षी स्लाइपनेरचा गॅस निघायला लागला. १९९६ पासून तिथे गॅसमधून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड समुद्राखालच्या खडकात परत पुरण्याचं कामही सुरू झालं, आणि हवामान बदलाच्या चर्चेत त्या प्रयोगाचं नाव हमखास येतं. ते नाव वाचणाऱ्या किती जणांना माहीत असेल की खालचा पायथा हा दुसरा आहे?

यावरून 'कॉम्प्युटर वाईट, हाताचं गणित चांगलं' असा निष्कर्ष काढू नका, प्लीज. माझं घर कॉम्प्युटरवर चालतं. आणि हाताचं गणित सगळं सांगत नाही. २४ कोठ्या, ३२ पोकळ्या, लाटा, वारा, डेकचं वजन हे सगळं एकदम कसं वागेल ते दोन ओळीत कधीच मावणार नाही. त्यासाठी जाळीच हवी. दोन ओळी फक्त एवढंच सांगतात की एकूण किती ओझं आहे आणि ते कुठून तरी जमिनीत किंवा शेजारच्या भिंतीत गेलंच पाहिजे. जाळी सांगते ते कसं वाटलं जातं. एकूण बेरीजच जुळत नसेल, तर वाटणीचं रंगीत चित्र बघून उपयोग काय?

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत काढणं फार सोपं झालंय. लिफ्टच्या भोवतीची भिंत दोन क्लिकमध्ये उभी राहते, जाळी प्रोग्राम स्वतः पाडतो, आणि किती बारीक पाडायची याचा एक आकडा आधीच भरलेला असतो. तो आकडा कुणीतरी माझ्यासारख्यानं, कुठल्यातरी शुक्रवारी संध्याकाळी, घरी जायच्या घाईत ठरवलेला असतो. खरंच सांगतो. आमच्याकडेही तसा एक आकडा होता आणि तो मी ठरवला होता. का तेवढाच, असं कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर एवढंच होतं, की त्यापेक्षा बारीक केलं तर डेमोत प्रोग्राम हळू चालायचा. रुंद खांबाची युक्ती वापरणाऱ्या जुन्या इंजिनिअरला आपण सोंग घेतलंय हे दिसत होतं. तिकडे भिंत चक्क भिंतीसारखी दिसते, तीन मितींत फिरते, सावलीसकट, आणि सोंग दिसेनासं होतं. विल्सन यांनी 'बावळट' हे नाव का ठेवलं ते मला तेव्हा कळलं.

त्या डेमोनंतर मी दोन गोष्टी केल्या. सांध्यापलीकडची सरासरी बंद केली. चित्र परत थोडं गोधडीसारखं दिसायला लागलं, आणि मॅनेजर नाराज झाला. दुसरं म्हणजे चित्राच्या कोपऱ्यात दोन आकडे टाकले: भिंतीवर एकूण ढकल किती आणि कडेला एकूण शिअर किती. दोन्हींत फरक असेल तर लाल अक्षरात. काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "चांगलंय. पण हा आकडा प्रोग्रामनं दिला तर लोक याच्यावरही विश्वास ठेवतील. ज्यानं भिंत काढली त्यालाच विचार." मग पुढच्या आवृत्तीत त्या आकड्याच्या आधी एक रिकामी चौकट आली: 'तुमचा अंदाज?' ती भरल्याशिवाय चित्र दिसायचं नाही. दोन महिन्यांत गिऱ्हाइकांच्या इतक्या तक्रारी आल्या की ती चौकट काढून टाकावी लागली.

काका आता नाहीत. ती कंपनीही नाही. वही मात्र माळ्यावरून खाली आली आहे आणि टेबलावर कीबोर्डशेजारी ठेवली आहे. बायकोनं विचारलं, हे जुनं रद्दीत का नाही टाकायचं? मी म्हटलं, यात अजून सहा टन आहेत.

ती माझ्याकडे बघत राहिली. उरलेला माळा पुढच्या शनिवारी.